ताजा कलमातली ओळ

बडोद्याहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. मुलगा अठरा वर्षांचा. गेल्या वर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले, म्हणून यंदा पुन्हा क्लास लावून तयारी करतो आहे. दोन महिन्यांपासून तो खोलीबाहेर फारसा येत नाही. रात्री जागतो, दिवसा झोपतो. आवडीचं काही केलं तरी ताट सरकवतो. एरवीचा शांत मुलगा शब्दाशब्दाला चिडतो. ‘काय झालं?’ विचारलं की उत्तर एकच, ‘काही नाही.’ वडील म्हणतात, आळस. आजी म्हणते, दृष्ट लागली. आई मोबाइलवर खापर फोडते. ‘याला शिस्त कशी लावू?’ हा तिचा प्रश्न.

खाली सही आणि सहीखाली ता. क. : ‘परवा क्लासचा हप्ता भरताना हसून म्हणाला, मी नसतो तर तुमचे एवढे पैसे तरी वाचले असते. काहीतरीच बोलतो!’

चार पानांपेक्षा मला ही एक ओळ महत्त्वाची वाटली. पत्रात फोन नंबर होता, म्हणून अंक निघायची वाट न पाहता त्याच संध्याकाळी त्यांना फोन केला. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, जे बोलणं झालं ते इथे देत आहे. कारण असा ताजा कलम आणखी कितीतरी घरांत असेल.

परीक्षेत अपयश आलं की कुणीही चार दिवस खट्टू होतो. तो आजार नव्हे. पण उदासपणा किंवा चिडचिड दोन आठवडे उलटूनही रोज दिवसभर टिकली, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, मित्र सुटले, तर ते नैराश्य असू शकतं. या वयात ते रडण्यापेक्षा चिडण्यातून, कधी डोकेदुखी-पोटदुखीतून बाहेर पडतं. म्हणून घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे अठराव्या वर्षाआधीच सुरू होतात. तेव्हा ‘या वयात कसलं आलंय टेन्शन?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

आणि मोबाइल? त्याच्यामुळे झोप उडते हे खरं. पण झोपच येत नाही म्हणूनही मुलं तो हातात घेतात. एकदम हिसकावून घेतला तर मित्रांशी उरलेला धागाही तुटेल.

मग बोलायचं कसं? समोर बसवून, चौकशी केल्यासारखं नको. मटार सोलताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना, स्कूटरवरून जाताना मुलं अधिक मोकळी होतात. ‘तुला काय कमी केलं?’, ‘शेजारचा बघ’, ‘आमच्या वेळी’ ही तीन वाक्यं तोंडातून निघू देऊ नका. आपण कमी बोलावं आणि तो थांबला तरी लगेच उपदेश सुरू करू नये.

आणि ती ओळ? तिच्याबद्दल सरळ विचारायचं. ‘तुझं ते बोलणं माझ्या मनातून जात नाही. जगणं नकोसं वाटतं का तुला? मरणाचे विचार येतात का?’

फोनवर त्या क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘अहो, असं विचारून मीच त्याच्या डोक्यात नाही का घालणार?’ ही भीती बहुतेक आई-वडिलांना वाटते. पण विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. उलट, मनातलं ओझं कुणीतरी ओळखलं याचा दिलासा मिळतो.

उत्तर ‘हो’ आलं तर रडारड नको, शपथा नकोत. ‘बरं झालं सांगितलंस. आता तू एकटा नाहीस,’ एवढं पुरे. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नये, घरातली औषधं कुलपात ठेवावीत आणि उद्यावर न ढकलता डॉक्टरांकडे न्यावं. मानसोपचारतज्ज्ञ लगेच मिळाले नाहीत तर आपले नेहमीचे डॉक्टर किंवा जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय गाठावं. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, आणि मुलाने किंवा आईने, कुणीही फोन करावा.

उपचारात आधी सहसा बोलणं असतं, गरज पडली तर औषध. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. लोक काय म्हणतील, याची काळजी असेल तर मधुमेहाची गोळी आपण कुणाला विचारून घेतो, ते आठवावं.

आठवड्याने त्या भगिनींचा फोन आला. गच्चीवर विचारलं होतं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘येतात कधी कधी.’ दुसऱ्याच दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेले. वडिलांनी दुकान बंद ठेवलं. अजून बराच पल्ला आहे. पण परवा रात्री त्याने आपणहून विचारलं, ‘आई, जेवायला काय आहे?’

परीक्षा पुढच्या वर्षीही होईल. तुमच्या घरच्या ‘काही नाही’कडे मात्र आजच कान द्या.