ढगातली साठवण आणि जमिनीवरचे कसब

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकाराला येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्रातून अहोरात्र माहिती बाहेर पडेल. ती साठवायची, जपायची आणि तपासायची हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्या शास्त्रातून रोजगार कसा उभा राहतो, याचे उत्तर पुण्यातल्या एका कंपनीच्या जन्मकथेत सापडते.

जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यात ‘द्रुवा’ची स्थापना केली. ध्रुवताऱ्यावरून घेतलेले हे नाव. तिघेही पूर्वी ‘व्हेरिटास’ या माहिती-साठवणुकीतल्या बड्या अमेरिकी कंपनीत होते. आपत्तीत वित्तसंस्थांची माहिती सुरक्षित राहावी, हे त्यांचे आरंभीचे उद्दिष्ट. पुढे त्यांनी आपला रोख सर्वसाधारण कंपन्यांकडे आणि कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपकडे वळवला. लॅपटॉप हरवला की कामही हरवते, ही अडचण सार्वत्रिक होती.

त्यावरचा उपाय तत्त्वतः साधा होता. एकच फाईल शंभर संगणकांवर असेल तर ती शंभरदा साठवायची नाही. एकदाच साठवायची आणि उर्वरित ठिकाणी केवळ तिची नोंद ठेवायची. जागा वाचते आणि मंद इंटरनेटवरही काम निभावते.

दरम्यान, ‘अ‍ॅमेझॉन’ने २००६ पासून साठवणुकीची जागा भाड्याने देण्यास प्रारंभ केला होता. वसमतच्या व्यापाऱ्याने हळदीसाठी स्वतःचे गोदाम न बांधता भाड्याचे घ्यावे, तसाच हा व्यवहार. त्यामुळे नव्या कंपनीला यंत्रांवर भांडवल गुंतवण्याची गरज उरली नाही. २०१० मध्ये ‘सिकोया’सह गुंतवणूकदारांनी सुमारे ५० लाख डॉलर दिले, २०१९ मध्ये ‘द्रुवा’चे मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. मुख्यालय मात्र तोवर कॅलिफोर्नियात हलले होते.

या कथेतले दोन धडे मराठवाड्याने ध्यानात घ्यावेत. पहिला असा, की भांडवल शेवटी आले. कसब आधी होते. ते दुसऱ्याच्या कंपनीत वर्षानुवर्षे काम करताना कमावलेले होते. दुसरा असा, की कसब असले तरी बाजारपेठ आणि भांडवल त्याला आपल्याकडे ओढून नेतात.

‘लायगो’च्या बाबतीत हीच भीती आहे. यंत्र हिंगोलीत असेल. पण माहितीच्या विश्लेषणात पुण्याच्या ‘आयुका’सारख्या संस्थांचा वाटा मोठा आहे. हे स्वाभाविकही आहे, कारण ज्ञान तेथे आहे. प्रश्न इतकाच, की जिल्ह्यातल्या तरुणांच्या वाट्याला पहारेकऱ्याची नोकरी येणार की प्रयोगशाळेतली? वेधशाळा सुरू होण्यास अद्याप काही वर्षांचा अवधी आहे. तेवढ्यात येथील महाविद्यालयांतून संगणकशास्त्र, संख्याशास्त्र आणि माहिती-व्यवस्थापनाचे भक्कम शिक्षण सुरू झाले, विद्यार्थ्यांना अशा संस्थांत उमेदवारी मिळाली, तर चित्र पालटू शकते. जमीन हिंगोलीने दिली आहे. कसब मात्र कोणी आयते आणून देणार नाही.