तांब्या तिच्या उशाशी ठेवा

गणपतीच्या आदल्या दिवशी हरतालिका. पत्रीच्या जुड्या येतील, पाटावर वाळूची पिंड होईल, सखीसह पार्वती मांडली जाईल. आणि तुमच्या घरात, नाहीतर तुमच्या चाळीत, तुमच्या वाडीत, दोन-तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन एक मुलगी त्या पाटासमोर बसेल. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नसेल. तिच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नसेल. कुणी काही म्हटलंच नसेल, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. आपल्याकडे बाळंतिणीला "उपास कर" असं कुणी सांगत नाही. "करू नकोस" असंही कुणी सांगत नाही. मग ती करते.

म्हणून हे आवाहन तुम्हाला आहे. तुम्ही म्हणजे तिची सासू, आई, जाऊ, नणंद, नवरा, शेजारच्या काकू. तिने विचारायची वाट पाहू नका. ती विचारणार नाही. तुम्ही आधी बोला.

आईच्या दुधात शंभरातले जवळजवळ ८७ भाग पाणी असतं. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. हिशोब करा. सहाशे मिलिलिटरहून जास्त पाणी तिच्या अंगातून रोज नुसतं दुधावाटे जातं. घाम वेगळा, लघवी वेगळी. अन्नाचंही तसंच. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्तीचे लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ढोबळमानाने दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि एक डिंकाचा लाडू. हे तिच्या नेहमीच्या जेवणावर वरचं. निर्जळी उपासाच्या दिवशी तिचं नेहमीचंही बंद आणि वरचंही बंद. बाळ मात्र उपास धरत नाही.

आता एक गोष्ट सरळ सांगते, कारण भीती घालून तुमचं मन वळवायचं नाही. धडधाकट बाईचं दूध एका दिवसाच्या उपासाने आटत नाही. तुर्कस्तानात रोजे धरणाऱ्या मातांचं दूध तपासलं गेलं, तेव्हा दुधाचे मुख्य घटक फारसे बदललेले दिसले नाहीत; जस्त, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तेवढं उतरलं होतं. बाळांची वाढही तेवढ्या दिवसांत अडली नव्हती. शरीर स्वतःला ओरबाडून बाळाला देतं. प्रश्न असा, की ओरबाडायला तिच्याजवळ आहे किती? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यावर बाळंतपणात गेलेलं रक्त. त्यावर रात्रीची जागरणं. त्यावर श्रावणी सोमवार, मग हरतालिका, मग नवरात्राचे नऊ दिवस. एक उपास कधीच एकटा येत नाही हो.

आणि दूध आटतं ते निराळ्याच वाटेने. ही वाट नीट समजून घ्या, कारण तिच्यावर तुम्ही उभे आहात.

माझ्या पहिल्या हरतालिकेला माझी लेक सात आठवड्यांची होती. दुपारी तीनला डोकं ठणकायला लागलं, संध्याकाळी आरतीला उभी राहिले तर भिंत फिरली. पोरीला घेतलं तर ती चोखायची, सोडायची, किंचाळायची. दूध होतं, उतरत नव्हतं. गाय बुजली की पान्हा चोरते, हे गोठ्यात वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. थकलेल्या, घाबरलेल्या बाईचंही तेच होतं. तेवढ्यात घरातली एक वडीलधारी बाई म्हणाली, "आटलं गं हिचं." झालं. वाटी-चमच्याने गाईचं दूध आलं, दुसऱ्या दिवशी बाटली आली. बाटलीने पोट भरलेली पोर अंगावर कमी पिऊ लागली. आणि मग खरंच आटलं.

अंगावरचं दूध विहिरीसारखं असतं. उपसा होतो तोवर झरे वाहतात. उपसा थांबला की झरा बुजतो. एका दिवसाच्या उपासाने विहीर कोरडी पडली नव्हती, त्या एका वाक्याने पडली. तेव्हा "आटलं" हा शब्द घरात उच्चारू नका. बाळ रडलं तर त्याला आईपासून लांब नेऊ नका, परत अंगाला लावा. आईच्या हातात आधी पाणी द्या, मग खायला द्या, मग तिच्या पाठीशी उशी द्या. लहान बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, त्यात उपास असो की सण, खंड पडू देऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी, मध, गुटी, गाईचं दूध, काहीही देऊ नका. दूध पुरतंय का अशी शंका आली, तर दुपटी मोजा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओली झाली, तर बाळाला दूध पुरतंय.

"पण घेतलेलं व्रत मोडायचं कसं?" हा प्रश्न तुमच्या मनात आहे, मला माहीत आहे. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण शास्त्र आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ मऊ आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा १७९० सालचा धर्मसिंधु घराघरांतल्या पुरोहितांच्या हाताशी असतो. त्यात ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही म्हटलंय, त्यांत पाणी आहे, कंदमुळं आहेत, फळ आहे, दूध आहे, औषधही आहे. गर्भिणीने आणि बाळंतिणीने पूर्ण उपासाऐवजी एकवेळचं रात्रीचं जेवण घ्यावं, अशी सवलत शास्त्रकारांनी जुन्या काळीच दिली. ज्याला झेपत नाही त्याचं व्रत दुसऱ्याने करावं, अशीही सोय आहे, आणि बायकोचं व्रत नवऱ्याने केलेलं चालतं! नवऱ्यांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. उपास तुमच्याच आयुष्यासाठी आहे. या वर्षी तुम्ही धरा.

आणि पार्वतीचं म्हणाल, तर तिने पानंही सोडून ते तप केलं तेव्हा ती कुमारिका होती. कार्तिकेय तिच्या मांडीवर नव्हता.

हे फक्त हरतालिकेपुरतं नाही. पाजणाऱ्या आईने रोजा पुढे ढकलावा आणि नंतर भरून काढावा, अशी मुभा इस्लाममध्ये आहे. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांतल्या आजींनो, या मुभेची तुमच्या सुनेला तुम्ही आठवण करून द्या. सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत पर्युषणात पाजणारी सून असेल, तर महाराजांना आधी विचारा.

बाळ वर्षाचं झालंय, वरचं खातंय, आणि तिला मनापासून उपास करायचाच आहे, तर अडवू नका. निर्जळी तेवढा करू देऊ नका. दिवसभर पाणी, ताक, दूध चालू ठेवा. केळं, खजूर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे द्या. नुसत्या साबुदाण्यावर आणि सहा कप चहावर तिला काढू देऊ नका. साबुदाण्यात पिठाखेरीज फारसं काही नसतं. भगरीचं पीठ सुटं आणून ठेवू नका, त्यातून झालेल्या विषबाधेच्या बातम्या नवरात्र आणि महाशिवरात्रीला येत राहतात. भगर निवडून, धुऊन, घरीच दळा. तिला मधुमेह असेल, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासाचं नावही काढू नका.

बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, तर मात्र हो-नाही करत बसू नका. नको म्हणा. स्पष्ट नको म्हणा.

आता शेवटची गोष्ट, आणि ही लक्षात ठेवाच. पाजणाऱ्या बाईच्या पोटात दिवसभर अन्न नसेल, तर क्वचित तिच्या रक्तात आम्ल साचतं. उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास धापेसारखा चालतो, गळून जाते. "पित्त झालं असेल, उद्या पारणं झालं की बरं वाटेल," असं म्हणून रात्र काढू नका. त्याच घटकेला १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्याबरोबर सांगा, "ही अंगावर पाजते, आणि हिच्या पोटात कालपासून काही नाही." हे दोन्ही सांगा. रक्तातली साखर नॉर्मल दिसू शकते आणि खरं दुखणं नजरेतून सुटतं. तुमच्या एका वाक्याने ते सापडेल. बाळाकडेही बघा. टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, दुपटी ओली होईनात, पिण्यासाठी उठवलं तरी उठेना, तर लगेच निघा. आरती नंतर करा.

तुम्हाला हे सगळं कळतं. तिसऱ्या दिवशी अळीवाची खीर तुम्हीच केली होती. सव्वा महिना तिच्या पाठीला तेल तुम्हीच लावलंत. सोयराचे दहा दिवस तिला देवापासून लांब ठेवलंत आणि त्या दहा दिवसांत देव रागावला नाही. मग आता तिला त्या पाटासमोर कोरड्या घशाने का बसवता? पूजा करू द्या. वाळूची पिंड तिच्याच हातून होऊ द्या. हिरव्या बांगड्या भरा, गजरा माळा. ओढ तिला त्याचीच असते.

काही घरांत मध्यरात्री रुईच्या पानावरचं तूप चाटून उपास सोडतात. तिला बारा वाजेपर्यंत थांबवू नका. आत्ता उठा. आत जा. तांब्या भरा आणि तिच्या उशाशी ठेवा. तासाभराने पुन्हा जाऊन बघा, रिकामा झालाय का. झाला असेल तर पुन्हा भरा.