आधी झाका, मग तापवा

लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी, गोव्यातले आसगाव-शिवोली: या भागांत बंगल्यामागचा खासगी तलाव आता नवलाईचा राहिलेला नाही. असा तलाव बांधताना टाइल्सचा रंग, काठाचा दगड आणि पाण्यातले दिवे यांवर घरात भरपूर खल होतो. पंप कोणता, पाणी कशाने तापणार आणि रात्री त्यावर काय पसरणार, हे मात्र ठेकेदारावर सोपवले जाते. तो नेहमीचेच बसवून देतो: एकाच वेगाने धावणारा दीड-दोन एचपीचा पंप, पाणी तापवायचे यंत्र आणि वर उघडे आभाळ. पुढे वीजबिल डोळ्यांत भरू लागले की मालक छतावर सौर पॅनेल लावतो.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. हा सगळा क्रमच उलटा आहे. घरगुती तलावासाठी सर्वांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे कव्हर. त्यानंतर वेग बदलता येणारा पंप, मग तापवण्याचे यंत्र आणि शेवटी सौर वीज. याविरुद्ध जे बोलले जाते ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा की कव्हर ही थंड देशांची गरज आहे, आपल्याकडे ऊन मुबलक असताना झाकायचे कशाला? हा आक्षेप घेणारे गृहीत धरतात की तलावाची ऊब थंड हवेच्या स्पर्शाने जाते. प्रत्यक्षात ती मुख्यतः वाफेबरोबर जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार तलावातून जाणाऱ्या एकूण उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के वाटा बाष्पीभवनाचा असतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता सोबत जाते. आता ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा बेताचा तलाव धरू. त्यात ४० हजार लिटर पाणी मावते. एका रात्रीत त्याची पातळी फक्त ३ मिलिमीटर उतरली, तर ९६ लिटर पाणी आणि सुमारे ६५ युनिट उष्णता गेली. एवढ्याने अख्खा तलाव १.४ अंशांनी थंड होतो. तीन मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाहीत, म्हणून हे नुकसान कोणी मोजत नाही.

आणि आपले हवामान या बाबतीत मुळीच दयाळू नाही. बाष्पीभवन ठरते ते पाण्याजवळचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर आणि वाऱ्यावर. जानेवारीत लोणावळ्याला रात्री १२ अंशांपर्यंत उतरलेली कोरडी हवा आणि तिच्याखाली २८ अंशांना राखलेले पाणी, हा फरक पुण्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारइतकाच भरतो. म्हणजे वारा सारखाच असेल, तर तापवलेल्या तलावाला थंडीची रात्र उन्हाळ्याच्या दुपारएवढीच महाग पडते. जायकवाडीसारख्या उथळ, विस्तीर्ण जलाशयातून उडून जाणाऱ्या पाण्याची चिंता आपण दर उन्हाळ्यात करतो. तोच नियम अंगणातल्या ३२ चौरस मीटर पाण्याला लागू आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. मे महिन्यात पाणी आधीच कोमट असते, त्यावर पारदर्शक कव्हर घातले तर पोहण्याची मजाच जाते, असे केअरटेकर सांगतात. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. पारदर्शक बबल कव्हर ऊन आत घेते आणि वाफ अडवते, त्यामुळे पाणी तापते. पण यातून निष्कर्ष निघतो तो कव्हर ऋतूप्रमाणे वापरण्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बबल कव्हर हवेच. उन्हाळ्यात वर शेडनेट ताणावे किंवा फिकट रंगाचे अपारदर्शक कव्हर दिवसा घालावे, आणि पाणी फारच तापले तर रात्री उघडे ठेवून थंड होऊ द्यावे. भर पावसाळ्यात झाकण्याची निकड कमी असते. ऋतुमान पाहून वापरणाऱ्याला ही वस्तू दोन्ही टोकांना उपयोगी पडते. त्याच खात्याच्या अंदाजानुसार कव्हरमुळे तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी, वरून भरावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी आणि रसायनांचा खप ३५ ते ६० टक्क्यांनी कमी होतो. यातला पाण्याचा आकडा टँकरवर चालणाऱ्या बंगल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर पातळी उतरली, तर आपल्या उदाहरणातला तलाव महिन्याला पावणेसहा हजार लिटर पाणी नुसते हवेला देतो. दहा हजार लिटरच्या टँकरचा हा अर्ध्याहून मोठा हिस्सा आहे.

तिसरा समज पंपाविषयीचा: पंप जितका मोठा, तितके पाणी स्वच्छ. यासारखा खर्चिक समज दुसरा नाही. पंपाचा वेग निम्मा केला की पाण्याचा प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती सिद्धान्ताप्रमाणे एक अष्टमांशावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दीड एचपीचा साधा पंप सुमारे दीड किलोवॉट ओढतो. तो आठ तास चालवला की १२ युनिटे जातात, आणि ४० हजार लिटरचे आपले पाणी गाळणीतून तीन-चार वेळा फिरते. एवढ्याची गरज नसते. तेवढ्याच क्षमतेचा व्हेरिएबल स्पीड पंप अर्ध्या वेगाने आठ तास चालवला, तर पाणी जवळपास दोनदा फिरते. मोटर आणि ड्राइव्हमधली गळती धरून ३०० वॉटचा हिशेब केला, तरी अडीच युनिटांच्या आत काम भागते. शिवाय संथ प्रवाहात वाळूची गाळणी बारीक कण जास्त चांगले धरते.

हा केवळ कागदी हिशेब नाही. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या ऊर्जाबचत केंद्राने १२० तलावांचा अभ्यास केला, तेव्हा लहान पंप आणि कमी तास यांमुळे काही मालकांचे पंपाचे बिल ७५ टक्क्यांपर्यंत उतरलेले दिसले. अमेरिकेत १९ जुलै २०२१पासून तलावाच्या पंपांना कार्यक्षमतेचे सक्तीचे मानक लागू आहे, आणि त्यामुळे मध्यम व मोठ्या आकाराच्या गाळण पंपांत वेग बदलणारे पंप हाच प्रघात झाला आहे. आपल्याकडे अशी सक्ती होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मोठा पंप बसवून काटकोनी कोपरे असलेल्या अरुंद पाइपमधून पाणी रेटायचे, हे आपणच थांबवू शकतो. ५० मिलिमीटरऐवजी ६३ मिलिमीटरचा पाइप घातला, तर तेवढ्याच प्रवाहाला होणारे घर्षण साधारण एक तृतीयांशावर येते. फरशी बसल्यानंतर हा बदल करता येत नाही, म्हणून तो नकाशातच व्हायला हवा.

चौथा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे: छतावर सोलर बसवला की प्रश्न मिटला. सौर विजेला माझा विरोध नाही, उलट ती हवीच. पण आकडा पाहा. महाराष्ट्रात ३ किलोवॉटचा संच दिवसाला साधारण १२ युनिट वीज देतो. म्हणजे पीएम सूर्यघर योजनेतून ज्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, त्याची दिवसभराची सगळी कमाई एक जुना पंप एकटा फस्त करतो. सार्वजनिक पैशातून आलेली ती वीज घरातले दिवे, पंखे आणि फ्रिज चालवण्यासाठी आहे. गळती तशीच ठेवून तिच्यावर सूर्य खर्च करणे ही बचत नव्हे. पाणी तापवायला सूर्य हवा असेल, तर विजेचे पॅनेल मध्ये न आणता उष्णतेचे साधे, काच नसलेले पॅनेल वापरावे. तलावाच्या पृष्ठभागाच्या ५० ते १०० टक्के क्षेत्रफळाची पॅनेले लागतात, हे ध्यानात ठेवून जागा राखावी.

जागा नसेल तर हीट पंप. तो एक युनिट विजेवर हवेतली उष्णता गोळा करून तीन ते सात युनिटे पाण्याला देतो. विजेच्या कॉइलच्या हीटरला हे कधीच जमणार नाही. पण माहितीपत्रकातला सातचा आकडा उबदार, दमट हवेतला असतो. थंड पहाटे तो बराच खाली येतो. म्हणून हिवाळ्यात हीट पंप दुपारी चालवावा, सूर्य कलताच कव्हर ओढावे आणि कमावलेली ऊब सकाळपर्यंत राखावी. दुपारी छतावर वीजही तयार होत असते. असे जुळवले की प्रत्येक यंत्र दुसऱ्याला मदत करते. रात्रभर उघड्या पाण्यावर हीट पंप चालू ठेवणे म्हणजे आभाळ तापवण्याचे कंत्राट घेणे.

कव्हर दिसायला वाईट आणि मुलांना धोक्याचे, असेही म्हटले जाते. दिसण्याचा प्रश्न आधी विचार केल्यास सुटतो. काठाखाली खाच ठेवून रोलर लपवला, तर कव्हर बटणावर आत-बाहेर होते. काठावरून पाणी ओसंडणारे तलाव ज्यांना हवेत, त्यांनी हेही समजून घ्यावे की ओली भिंत आणि पडते पाणी बाष्पीभवन वाढवते. ती धार पाहुणे बसलेले असताना चालवावी, रात्रंदिवस नव्हे. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्यांची बाजू मी ठामपणे उचलून धरतो. तरंगते बबल कव्हर मुलाचे वजन पेलत नाही, आणि त्याखाली सापडलेले मूल वरून दिसतही नाही. त्याला सुरक्षा कव्हर समजणे जीवघेणे आहे. फ्रान्सने ३ जानेवारी २००३च्या कायद्याने खासगी तलावांना कुंपण, गजर, सुरक्षा कव्हर किंवा छप्पर यांपैकी एक साधन बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट न पाहता कुंपण आणि कुलूप लावणारे फाटक करावे, आणि परवडत असेल तर वजन पेलणारे कडक पट्ट्यांचे कव्हर घ्यावे.

राहिला नैतिक आक्षेप. गावाला हंडाभर पाणी मिळत नसताना तलाव बांधणाऱ्याने बचतीच्या गप्पा कशाला माराव्यात? या रागामागचे दुःख खरे आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले, हे आपण विसरलेलो नाही. दुष्काळात तलाव भरू नये, हे मलाही मान्य आहे. पण जे तलाव आज भरलेले आहेत, ते त्याच भूजलावर आणि त्याच वीजवाहिन्यांवर चालतात ज्यांवर शेजारचे गाव चालते. त्यांतली उधळपट्टी थांबवणे हे त्या गावाच्याच हिताचे काम आहे. चैन करणाऱ्याकडे सभ्यतेची किमान मागणी करायची असेल, तर ती हीच.

मांडणीचा सारांश असा. कव्हर पहिले, कारण त्याची किंमत हीट पंपाच्या लहानशा अंशाएवढी असते आणि ते पाणी, ऊब, क्लोरीन तिन्ही राखते. क्लोरीनचा जादा डोस दिल्यावर तेवढा वेळ ते बाजूला ठेवले, तर टिकतेही जास्त. मग पंप, कारण तो रोज चालतो. मग तापवण्याचे यंत्र, कारण गळती थांबल्यावर ते लहान घेऊन चालते. जुन्या ३०० वॉटच्या हॅलोजनऐवजी एलईडी दिवा, ही तर विचार न करता करायची गोष्ट आहे.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी मालकाने ठेकेदाराला चार प्रश्न विचारावेत. अर्ध्या वेगाला पंप किती वॉट घेतो? पाइपचा व्यास किती? हीट पंपाचा आकडा कोणत्या तापमानाला मोजलेला आहे? आणि कव्हरच्या रोलरची जागा नकाशात कुठे आहे? या चारांची लेखी उत्तरे जो देत नाही, त्याला तलावाचे काम देऊ नये.