जहाज आधीचं, तोफ नंतरची

आपला धंदा दुसऱ्याने केलेल्या सांगाड्यावर आपलं काम चढवण्याचा. इथे दापोडीत एसटीच्या कार्यशाळेत नुसत्या चॅसीवर बस उभी राहते. भोसरी-कासारवाडीच्या शेडमध्ये टिपर, टँकर चढतात. चॅसीच्या फ्लँजला भोक पाडू नका, टाका मारू नका, हे या अंकातही छापलंय. "किती वेळा तेच?" असे फोन येतीलच. म्हणून या वेळी एका जहाजाची गोष्ट.

'ऑन्डिना' हे डच तेलवाहू जहाज. पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ होता आणि तोफ बसवलेल्या परक्या व्यापारी जहाजांना बंदरात घेत नव्हता. त्यांना युद्धनौकाच समजत असे. 1940 मध्ये जर्मनीने देश घेतल्यावर त्याच डचांच्या व्यापारी जहाजांवर तोफा चढल्या. 'ऑन्डिना'च्या वाट्याला एक 4 इंची तोफ आणि 32 गोळे आले.

अशी तोफ सहसा मागच्या डेकवर बसवत, पाठलाग करणाऱ्यावर झाडायला. तिचा गोळा 14-15 किलोचा. डेकची प्लेट तोफेचं वजन एकवेळ पेलेल, पण दर गोळ्याला मागे-खाली बसणारा हिसका? म्हणून डेकखाली जादा गर्डर आणि खांब देऊन तो भार खालच्या मजल्यांपर्यंत नेत. वरून दिसते ती तोफ. खरं काम खाली.

11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला 'ऑन्डिना' आणि सोबतीची रॉयल इंडियन नेव्हीची युद्धनौका 'बेंगाल' यांच्यासमोर जपानी 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू' आल्या. त्याही मूळच्या प्रवासी-मालवाहू बोटी, तोफा नंतर चढवलेल्या, पण इकडच्यापेक्षा कितीतरी जास्त. 'बेंगाल'वर ठरलेली 4 इंची तोफ मिळालीच नव्हती. लहान 12 पौंडीवरच ती लढली.

'होकोकू मारू'चा स्फोट होऊन ती बुडाली. गोळा कोणाचा लागला, यावर अजून वाद आहे. 'ऑन्डिना'चे गोळे संपले, कप्तान होर्समन मारले गेले, होड्यांत उतरलेल्या माणसांवर मशिनगन चालली. उरलेले परत जहाजावर चढले, आग विझवली आणि ते ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला नेलं.

तोफेखाली हिसक्याचा जो हिशेब करत, तोच आमच्या गल्लीत राहून गेला. एका ट्रकवर केबिनमागे छोटी क्रेन चढवली. जॉबकार्डावर लिहिलं होतं, 'वजन 900 किलो'. तेवढंच. बूम बाजूला 4 मीटर काढून टनभर माल उचलला की चॅसीवर 4 टन-मीटरचा पिळा पडतो, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पावसाळा संपेपर्यंत लाँग मेंबरला केसाएवढी चीर, तीही वेल्डच्या टोकाला. मालकाने वेल्डरला शिव्या घातल्या. माझ्या मते चूक जॉबकार्डाची.

तेव्हा पुढच्या अंकासोबत एक छापील जॉबकार्ड देतोय. त्यात वजनाखाली दोन रकाने जास्त आहेत: 'हिसका कोणत्या बाजूला?' आणि 'खाली भार कुठे जाणार?' दोन्ही भरल्याशिवाय मशीन चालू करू नका, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.