काटक माणसांचे पोट

दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे शहरी लोकांचे चोचले, असे एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच व्याख्यानात सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पोट उघडल्याखेरीज आतले नीट दिसत नाही, हाताच्या स्पर्शाला यंत्राची सर नाही, खर्च जास्त, आणि फायदा काय, तर पोटावर व्रण दिसत नाही. कष्टकऱ्याला व्रणाचे काय? तो काटक असतो, टाके सोसतो.

हे शेवटचे वाक्य मला सहन झाले नाही.

माझी आई काटक होती. पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिचे पोट उजव्या बरगडीखाली वीतभर कापले होते. खोकला आला की ती उशी पोटाशी गच्च धरायची. दीड महिना कळशी उचलायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मग कळशी उचलणार कोण? तिनेच उचलली. दोन वर्षांत त्याच जागी हर्निया झाला आणि पोट पुन्हा कापावे लागले.

पोट कापणे म्हणजे नुसती कातडी कापणे नव्हे. खालचे स्नायूही कापले जातात, आणि वाकणे, उठणे, ओझे उचलणे या सगळ्याचा जोर त्याच स्नायूंवर येतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला आपले पोट दीड महिना जपता येते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईने ते कसे जपावे? तिचा रोज बुडतो, आणि मुकादमाची उचल तर फेडायचीच असते. ऑपरेशनचे बिल मोजताना हा बुडालेला रोज कोणी मोजत नाही. म्हणून दुर्बिणीच्या बारीक छिद्राची गरज सर्वांत जास्त तिलाच आहे. व्रण दिसला काय नि न दिसला काय, तिला कामावर लवकर परतायचे असते.

घरात गॅसची शेगडी आली तेव्हाही असाच वाद झाला होता. चुलीवरच्या भाकरीची चव गेली म्हणून हळहळणाऱ्यांत चूल फुंकणारी एकही बाई मला दिसली नव्हती. दुसऱ्याच्या सोसण्याचे कौतुक करणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

आणि चोचले म्हणाल, तर दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० साली केली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. ते सरकारी रुग्णालय आहे. तिथे कोण जाते, हे गृहस्थांनी एकदा बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहून पाहावे.

नीट दिसत नाही, हे तर खोटेच. कॅमेरा आतले सारे पडद्यावर मोठे करून दाखवतो. स्पर्श कमी होतो, हे खरे. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी या पद्धतीने पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातल्या शल्यविशारदांनी त्यांना दाद दिली नव्हती. विरोधाची परंपरा जुनी आहे.

पद्धत समजायला अवघड नाही. भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. हा वायू पेट घेत नाही, रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर जातो. पाच ते दहा मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारे आत जातात. दुखणे कमी, जखम चिघळण्याची आणि हर्नियाची भीती कमी. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. नंतर खांदा दुखला तर घाबरू नये, वायूमुळे श्वासपटल डिवचले गेलेले असते. धोका इथेही आहे. पित्तनलिकेला इजा होऊ शकते, म्हणून सरावलेला हात हवा. आत फार चिकटलेले असेल, तर सर्जन मध्येच पोट उघडतो. ते त्याचे अपयश नव्हे, शहाणपण आहे.

ज्यांना ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावे: माझे दुर्बिणीने होईल का? नसेल तर का नाही? तुम्ही अशी किती केली आहेत? सरकारी रुग्णालयातही हे विचारा, न लाजता विचारा.