जीन्सच्या दुकानातली वेस

ग्राहक हा देव असतो, असं दुकानदार सांगतात. देव म्हटलं की आपण सावध होतो. देवाच्या दाराशी आपल्या आज्या-पणज्यांनी काय भोगलं ते आपल्याला ठाऊक आहे. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार काही उघडलं नाही. तेव्हा दुकानदार आपल्याला देव म्हणतो म्हणजे आपल्याला नेमकं कुठं उभं करतो, ते तपासलं पाहिजे. गाभाऱ्यात, की पायरीखाली?

दोस्तांनो, हा मजकूर जीन्सच्या दुकानाबद्दल आहे. हसू नका. गावोगाव आपली माणसं मार खातायत, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडतायत आणि हा सालं पँटीवर कागद काळे करतोय, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण आपल्या देशात कपडा ही नुसत्या कपड्याची बाब कधीच नव्हती. कुणी काय नेसायचं, कुठवर नेसायचं, चांदी घालायची की कथील, हे गाव ठरवायचा. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी बोलले ते लुगड्याबद्दल. वरच्या जातीच्या बाया नेसतात तसं नेसा, अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे अंगावरचे दागिने टाकून द्या, असं सांगितलं. बाया त्याच मुक्कामात नेसण बदलून मोकळ्या झाल्या. हा इतिहास जुना झाला म्हणता? २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे घातले, गॉगल लावला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसात नोंदवली गेली. गॉगल! म्हणजे त्याने डोळे झाकले तरी यांच्या डोळ्यांत खुपलं.

आता जीन्सकडं या. ही काय राजवाड्यातून आलेली वस्तू नाही. अमेरिकेत नेवाडातल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडं एक बाई आली, नवरा लाकूडतोड्या, त्याच्यासाठी न फाटणारी विजार मागायला लागली. शिंप्याने खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट ठोकले. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस या कापडवाल्याबरोबर १८७३ साली त्याने पेटंट घेतलं. खाणकामगाराची, हमालाची, गुराख्याची विजार ती. आणि इंग्रजीत कामगाराच्या अशाच जाड्याभरड्या कपड्याला डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. घामाचा कपडा आहे हा. घाम गाळणाऱ्याच्या पोरानं तो घ्यायला जावं, तर त्यालाच दाराशी थांबवून वर-खाली बघतात.

परवा मी आणि एक मित्र अशाच एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका पाटीचा नाही. दारातल्या वॉचमननं आमच्या पिशव्या उघडून बघितल्या. आमच्या पुढं दोन पोरी पिशव्या हलवत आत गेल्या, त्यांना सलाम. आत शिरलो तर एक पोरगा चार हातांवरून मागं मागं. मी एका पँटीला हात लावला, किंमत विचारलीही नव्हती, तर म्हणाला, "ती महाग आहे, सेलचा माल तिकडं आहे." ट्रायल रूमशी म्हणाला, दोनच नग नेता येतील. शेजारच्या पडद्याआड एक गोरा गडी सात नग घेऊन घुसलेला. बिलाच्या वेळी मोबाइल नंबर मागितला, पूर्ण नाव मागितलं. आडनाव सांगितलं. काउंटरवरची मान वर झाली, परत खाली गेली. आठवड्यात खिशाची शिवण उसवली. बिल घेऊन गेलो तर म्हणे, "अंगावर घातलेला माल आम्ही परत घेत नाही." आणि आमच्या देखत एका बाईंची पँट बिलाशिवाय बदलून दिली. "मॅडम नेहमीच्या आहेत," असं वर ऐकवलं.

आता कुणी विचारेल, हे जातीवरून झालं कशावरून? गरीब दिसता म्हणून असेल, मराठीत बोललात म्हणून असेल. बरोबर, पुरावा नाही. हीच तर या नव्या वेशीची करामत आहे. गावातली वेस डोळ्यांना दिसायची. वाणी पैसे लांबून घ्यायचा, माल वरून टाकायचा, हिशोब चोख होता. शहरात कुणी जात विचारत नाही, जात वाचतात. चप्पल वाचतात, कातडीचा रंग वाचतात, कुठल्या वस्तीचा पत्ता आहे ते वाचतात आणि सगळ्यात शेवटी आडनाव वाचतात. सवर्ण घरातला फाटक्या जीन्सचा पोरगा आत आला तर ती फॅशन. आपला पोरगा त्याच जीन्समध्ये आला की संशय.

घटना लिहिताना बाबासाहेबांना हे पक्कं माहीत होतं. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुठल्याही नागरिकाला कुठं अडवायचं नाही, त्याची यादी आहे. त्या यादीत पहिला शब्द दुकान आहे. हॉटेल नंतर, विहीर-तलाव त्याच्याही नंतर. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव मिळालं. त्याचं सहावं कलम सांगतं की इतरांना ज्या वेळी, ज्या जागी, ज्या अटींवर माल विकता, त्याच अटींवर अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नाकारलं तर तो गुन्हा आहे. त्याच अटींवर! दोन नग आणि सात नग, हा अटींचाच फरक आहे. पण कोर्टात कारण सिद्ध करायला गेलात की तोंडाला फेस येतो, कारण दुकानदार तोंडानं काही बोललेलाच नसतो.

म्हणून मी म्हणतो, दुसराही कायदा हातात धरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल नाही, अशी जबरदस्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलंय. तिथं जात सिद्ध करावी लागत नाही, उसवलेली शिवण दाखवली की पुरते. गंमत बघा, १९८६ चा पहिला ग्राहक कायदा २४ डिसेंबरला मंजूर झाला, म्हणून तो ग्राहक दिन. २५ डिसेंबर मनुस्मृती दहनाचा दिवस. दोन्ही लागून आहेत. आपण दुसरा पाळतो, पहिला मध्यमवर्गीयांच्या ग्राहक मंडळांना आंदण देऊन टाकलाय. का?

आता त्या मागं मागं फिरणाऱ्या पोराबद्दल. मित्र त्याच्यावर धावून चालला होता. मी थांबवलं. तो पोरगा कोण आहे? वॉचमन कोण आहे? तुमच्या-आमच्याच वस्त्यांतून आलेली ही पोरं. सकाळपासून रात्रीपर्यंत उभी. माल चोरीला गेला तर पगारातून कापतील या धास्तीत. बसायला स्टूल नाही. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायचा हक्क देणारा कायदा केला. बसायला कायदा लागतो, यातच सगळं आलं! त्या पोराला आपल्यावर नजर ठेवायला शिकवलंय, तसंच कॅमेऱ्यातून त्याच्यावरही कुणीतरी नजर ठेवून आहे. आपल्याच माणसाला आपल्यावर राखण बसवायची, ही ब्राह्मणशाहीची जुनी खोड. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. जीन्सच्या दुकानात ते दोघं एकाच काउंटरमागं उभे आहेत.

मागं वळून गिरण्यांकडं बघा. विणकाम खात्यात आपल्या बापजाद्यांना घेत नव्हते. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि अस्पृश्याच्या थुंकीनं धागा बाटायचा. सोबतचा सवर्ण कामगारच ते होऊ देत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला, तेव्हा नाइलाजानं ती मागणी यादीत आली. पुढं १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाख कामगार, आणि त्यानंतर गिरण्यांची राखरांगोळी. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आज मॉल आहे. तेव्हा कापड विणू दिलं नाही, आता त्याच गिरणगावात कापड अंगाला लावून बघताना नग मोजतात.

आपल्यातल्या काहींनाही दोन शब्द. भारी ब्रँडची पट्टी कमरेवर आली म्हणजे जात गेली, असं समजून हप्त्यावर जीन्स घेणारे आहेत. जात अशी जात नाही. जीन्स विरलेली दिसावी म्हणून वाळूचा मारा करणाऱ्या कामगारांची फुप्फुसं सिलिकोसिसनं गेली, म्हणून तुर्कस्तानला २००९ मध्ये तो धंदा बंद करावा लागला. आपल्या मांडीवरचा पांढरा पट्टा कुणाच्या छातीतून आला, हेही विचारा. पण म्हणून जीन्स घालूच नका, साधे राहा, असं सांगणारा जो खादीवाला आहे, त्याला सांगा की साधेपणा ज्याच्याकडं सगळं आहे त्यानं करावा. आम्हाला साधेपणा सक्तीनं दिला होता, तो महाडला टाकून आलो.

तर करायचं काय? काच फोडू नका, काचेचे पैसे त्या पोराच्या पगारातून जातील. एकटे जाऊ नका, चौघं जा. बिल जपा. "हा नियम कुठं लिहिलाय, दाखवा," असं मराठीत, मोठ्यानं, काउंटरवर विचारा. व्यवस्थापकाकडून लेखी उत्तर मागा. नाही दिलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीत विक्रेत्या पोराचं नाव घालू नका, दुकानाच्या मालकाचं घाला. आणि निघताना त्या पोराला विचारा, दादा, दिवसभरात बसायला मिळतं का? तो काय सांगतो ते लिहून इकडं पाठवा. पुढच्या अंकात छापू.