आखाजीच्या आधी कालवड टोचून घ्या

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागातल्या गोठेवाल्या भावा-बहिणींनो, आणि त्यांच्याकडून किटलीत सुटं दूध नेणाऱ्या शेजाऱ्यांनो,

दिवाळीत जन्मलेली कालवड होळीला चार महिन्यांची होते. पोळ्याला जन्मलेलीचे आखाजीच्या आसपास आठ महिने भरतात. ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची लस याच ४ ते ८ महिन्यांत द्यायची असते. फक्त मादी वासराला, जन्मात एकदाच. गाईची कालवड असो की म्हशीची पारडी. तुमच्यातले कितीतरी जण आखाजीला ताप्ती लाइनच्या गाडीने गावाकडे निघतील. परत येईपर्यंत पोळ्याची कालवड वयातून गेलेली असेल. म्हणून ही घाई.

गेल्या थंडीत आमच्या ओळखीच्या एका तबेल्यात सात महिन्यांची गाभण म्हैस पहाटे गाभडली. वार पडेना. घरच्या बाईने कोपरापर्यंत उघडा हात घालून ती ओढून काढली, गाभ उकिरड्यावर फेकला, हातावर दोन तांबे पाणी घेतलं आणि दुसऱ्या म्हशीच्या धारेला बसली. उजाडेपर्यंत कुत्र्याने तो गाभ पलीकडच्या गोठ्यापर्यंत ओढत नेला होता. महिनाभराने बाईला रोज संध्याकाळी ताप, रात्री घामाने गोधडी ओली, कंबर धरलेली. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. ‘घरी गुरं आहेत का?’ हे कुणीतरी विचारायला अडीच महिने लागले. मग कळलं, तापही ब्रुसेलाचाच. दोन-दोन औषधं, सहा आठवडे.

आणि म्हैस? ती बाजारात विकली. घेणाऱ्याला काही सांगितलं नाही. हे स्पष्टच लिहितो, कारण असं आपण सगळेच करतो. या रोगाचं जनावर बहुधा एकदाच गाभडतं. पुढच्या वेताला नीट व्यालं की आपण म्हणतो, बरं झालं. ते बरं झालेलं नसतं. जंतू कासेत राहतो, दुधातून आणि वारेतून बाहेर पडत राहतो. गुरांना याच्यावर भरवशाचा इलाज नाही. जे आहे ते लशीतच आहे.

या लशीचंही नवल आहे. १९२३ साली अमेरिकेत एका जर्सी गाईच्या दुधातून काढलेला जंतू प्रयोगशाळेत वर्षभर तसाच पडून राहिला आणि त्याची धार बोथट झाली. तोच स्ट्रेन-१९. पण जंतू जिवंतच असतो. म्हणून गाभण जनावराला आणि गोऱ्ह्याला ही लस देत नाहीत, आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाही ताप येऊ शकतो. ‘लशीने गाभ जातो’ ही तबेल्यातली भीती इथूनच आली असावी. गाभण गाईबाबत ती खोटी नाही. सहा महिन्यांच्या कालवडीला गाभच नसतो. एक-दोन दिवस अंग गरम राहील, टोचलेल्या जागी गाठ येईल, इतकंच.

सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर हीही लस सरकार फुकट देतं. कानात १२ आकडी बिल्ला मारून नोंद होते. बिल्ल्याने कान पिकतो म्हणून कालवड लपवू नका.

वासरांना रक्ती हगवण लावणारा साल्मोनेला वेगळा, त्याला ही लस चालत नाही. तिथे व्याल्यावर पहिल्या दोन तासांत पोटभर चीक पाजणं आणि गोठा कोरडा ठेवणं, यात कसूर नको.

शेजाऱ्यांनो, दूध उतू येईपर्यंत उकळा. ब्रुसेला आणि साल्मोनेला दोन्ही त्यात मरतात. श्रावणातल्या पंचामृतालासुद्धा उकळून निवलेलंच दूध घ्या, देवाची काही तक्रार नसेल. सुमूलच्या पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, प्रश्न किटलीचा आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक ब्रुसेलाच्याच तापाने झिजत होते. १९०६ मध्ये छावणीत बकरीचं कच्चं दूध बंद झालं आणि ताप ओसरला.

गाय-म्हैस गाभडलीच तर तिला वेगळी बांधा, हातमोजे नसतील तर वारेला हात लावू नका, १९६२ वर फोन करा. गाभ आणि वार चुना टाकून खोल पुरा.

आणि उद्या सकाळची धार झाली की दूध मंडळीत किंवा गुरांच्या दवाखान्यात जाऊन कालवडीचं नाव लिहून या. जन्मतारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आधीची की नंतरची, एवढं सांगितलं तरी चालेल.